गॅस गोठत नाही, मग थंडीत अडतं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारी २०२१ मध्ये तुम्ही टेक्सासमधल्या डॅलसजवळ राहत होतात. त्या थंडीत घर तापवणारी गॅसची भट्टी, म्हणजे फर्नेस, पेटेना, शेगडीची ज्योत निम्म्यावर आली आणि शेजाऱ्यांनी सांगितलं की पाइपातला गॅस गोठला. आता नोकरीमुळे तुम्ही मिनेसोटा राज्यातल्या मिनीॲपोलिसजवळ घर घेतलं आहे. तिथे थंडी टेक्सासच्या कितीतरी पट, मग गॅसचे हाल तिथे आणखी होणार का, आणि हिवाळ्याआधी घरात काय तपासून ठेवावं?

मी आधी महाराष्ट्रात आणि नंतर अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागात गॅस वितरणाचं काम केलं, त्यातही जास्त काळ दाब नियंत्रणाच्या स्टेशनांवर. त्यामुळे तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळा काढतो. डॅलसला १६ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे पारा उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. मिनेसोटात उणे ३० होतं आणि गॅस चालू राहतो. कमी थंडीत अडलं आणि जास्त थंडीत चाललं, हे कसं? याचं उत्तर कळलं की घरात काय बघायचं तेही आपोआप कळतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या घरी नेमकं काय झालं हे मी इथून ठामपणे सांगू शकत नाही. फर्नेस कोणत्या प्रकारची, गॅसचा दाब उतरवून नेमका ठेवणारा रेग्युलेटर कुठे बसवलेला, त्या वेळी वीज होती की नव्हती, यावर ते अवलंबून आहे. शिवाय नव्या घरी पाइपचा गॅस आहे की अंगणात प्रोपेनची टाकी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी पाइपचा गॅस धरून लिहितो. प्रोपेनचं शेवटाकडे वेगळं सांगेन, कारण तिथे थंडीचं गणित पूर्ण बदलतं.

पाइपने येणारा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो द्रवरूप व्हायला उणे १६१ अंश लागतात आणि घट्ट गोठायला उणे १८२. पृथ्वीवर कुठल्याही गावात एवढी थंडी पडत नाही. मग गोठतं काय? पाणी. गॅसबरोबर विहिरीतून आलेलं पाणी, गॅसमध्ये वाफेच्या रूपात राहिलेलं पाणी, रेग्युलेटरवर छपरावरून ठिबकलेलं पाणी, फर्नेसच्या धुरातून निथळणारं पाणी. थंडीत गॅस बंद पडल्याची जी प्रकरणं मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचा माग शेवटी कुठल्या तरी अरुंद जागेत साचलेल्या पाण्यापाशी गेला.

सुरुवात विहिरीपासून करू. पश्चिम टेक्सासमधल्या पर्मियन खोऱ्यात गॅस बराचसा तेलाबरोबर वर येतो, आणि तेलाच्या कित्येक पट खारं पाणीही सोबत येतं. हे मिश्रण विहिरीच्या तोंडाशी सेपरेटरमध्ये वेगळं करतात. तिथल्या झडपा, पाण्याची पातळी सांगणारी उपकरणं, दाब मोजायच्या बोटाएवढ्या नळ्या, सगळं उघड्यावर. यातली एक नळी गोठली की उपकरण चुकीचा दाब दाखवतं आणि सुरक्षेसाठी विहीर स्वतःहून बंद होते. पाणी सोडणारी झडप गोठली की सेपरेटर भरतो आणि पुन्हा विहीर बंद. वर रस्ते बर्फाने निसरडे, त्यामुळे ती सोडवायला माणूस पोचत नाही आणि साचलेलं पाणी न्यायला टँकरही पोचत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती खात्याच्या आकड्यांनुसार टेक्सासचं गॅस उत्पादन दिवसाला सुमारे २१.३ अब्ज घनफुटांवरून १७ फेब्रुवारीला ११.८ अब्ज घनफुटांवर आलं. जमिनीखालचा गॅस कुठेही गेला नव्हता; विहिरीच्या तोंडाशी वाट बुजली होती.

आता यापेक्षा जरा अवघड गोष्ट. ती नीट समजावी अशी माझी इच्छा आहे, कारण आमच्या कामातली निम्मी काळजी तिच्याभोवती असते. गॅसचा दाब एकदम उतरवला की गॅस स्वतः थंड होतो. ढोबळ हिशेब असा की दर बार (दाबाचं एकक; एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाबामागे अर्धा अंश सेल्सिअस. मोठी पाइपलाइन ७० बारने येते आणि शहराच्या वेशीवर आम्ही तो दाब २० बारवर आणतो असं धरा. पन्नास बार उतरले, म्हणजे तापमान पंचवीस अंशांनी खाली. जमिनीतून ५ अंशांवर आलेला गॅस रेग्युलेटरच्या पलीकडे उणे २० वर निघतो, बाहेरची हवा कशीही असो. पुण्यात काम करताना भर पावसाळ्यात रेग्युलेटरच्या पुढच्या पाइपांना धारा लागलेल्या दिसत, त्या याच कारणाने. सीएनजीच्या २०० बारच्या सिलिंडरांमधून घरगुती जाळ्यात गॅस सोडायचा झाला तर महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यातही हीटर लावावा लागतो.

अशा जागी पाण्याचा अंश असला तर साधा बर्फ होतोच, पण त्याच्या आधी हायड्रेट होतो. पाण्याचे रेणू मिथेनच्या रेणूंभोवती पिंजरा रचतात आणि घट्ट दाबलेल्या बर्फाच्या गोळ्यासारखा पदार्थ तयार होतो. त्याची मेख अशी की तो शून्य अंशाच्या वरही जमतो. शुद्ध मिथेन ७० बारच्या आसपास असला तर जवळपास १० अंशांवरसुद्धा हायड्रेट टिकतो, आणि गॅसमध्ये प्रोपेनसारखे जड घटक असले तर त्याहूनही सहज. म्हणून थर्मामीटर शून्याच्या वर आहे, तेव्हा पाइप तुंबणार नाही, असं म्हणता येत नाही. हॅमरश्मिट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९३४ साली दाखवून दिलं की पाइपलाइनी ज्याने तुंबत होत्या तो पुष्कळदा बर्फ नव्हे, हायड्रेट होता. तेव्हापासून गॅस सुकवणं हे या धंद्याचं पहिलं काम झालं. ग्लायकॉल या पाणी शोषणाऱ्या द्रवातून गॅस नेऊन त्यातलं पाणी काढतात. अमेरिकेत मोठ्या पाइपलाइनीत घ्यायच्या गॅसला साधारणपणे दहा लाख घनफुटांमागे ७ पौंड पाण्याची मर्यादा असते. सुकवण्याआधीच्या टप्प्यात, म्हणजे विहिरीजवळ, हायड्रेट जमू नये म्हणून मिथेनॉल हे अल्कोहोल पाइपात टोचतात.

हायड्रेटचा बोळा बसला की उतावीळपणा जिवावर बेततो. एका बाजूचा दाब घाईने सोडला तर दुसऱ्या बाजूचा दाब तो बोळा गोळीसारखा ढकलतो आणि पुढचं वळण फोडून बाहेर पडतो. मधोमध आच दिली तरी धोका, कारण हायड्रेटच्या एका घनमीटरमध्ये दीडशे घनमीटरहून अधिक गॅस कोंडलेला असतो आणि तो सुटायला जागा नसते. म्हणून दोन्ही बाजूंनी सारखा, हळूहळू दाब उतरवायचा आणि वाट पाहायची. कडाक्याच्या थंडीत बाहेर उभं राहून वाट पाहणं नव्या तंत्रज्ञांना फार जड जातं, पण त्याला पर्याय नाही.

दाब नियंत्रणाच्या स्टेशनावर सगळ्यात आधी हार मानतो तो पायलट. मोठ्या रेग्युलेटरला हुकूम देणारा हा छोटा रेग्युलेटर; त्याची भोकं दोन-तीन मिलिमीटरची. मुख्य पाइपात जी ओल कोणाच्या लक्षातही येत नाही, ती इथे वाट अडवते. मग दाब वर-खाली हेलकावू लागतो. अनुभवी माणूस तो हेलकावा पाइपाच्या आवाजावरून ओळखतो. उपाय म्हणजे पायलटचा गॅस आधी गरम करणं, आणि मोठा दाब उतरत असेल तर सगळाच गॅस गरम पाण्याच्या हीटरमधून नेणं. हे केलं नाही तर पुढे जमिनीखाली थंड पाइपाभोवतीची माती गोठत जाते, फुगते, पाइप वर उचलते आणि रस्त्याला उंचवटा येतो. असा उंचवटा दिसला की हीटर नीट चालत नाही हे समजावं. याशिवाय रेग्युलेटरमधले रबराचे पडदे, म्हणजे डायफ्रॅम, ताठ होतात, ग्रीस घट्ट होतं, बॅटऱ्या अर्ध्या ताकदीवर येतात, सोलर पॅनेलवर बर्फ साचून दूरच्या स्टेशनाची खबर यायची थांबते. या एकेक गोष्टीने शहर अंधारात जात नाही. पण त्या सगळ्या त्याच रात्री होतात आणि त्याच रात्री गॅसची मागणी वर्षातली सर्वांत जास्त असते.

टेक्सासमध्ये यावर आणखी एक गाठ बसली होती. तिथे विजेचा मोठा वाटा गॅसवर तयार होतो आणि गॅसच्या क्षेत्रातले पंप, गॅस दाबून पुढे ढकलणारे कॉम्प्रेसर, प्रक्रिया केंद्रं बरीचशी विजेवर चालतात. १५ फेब्रुवारीच्या पहाटे दोनच्या सुमारास ग्रिडची, म्हणजे राज्यभरच्या वीजजाळ्याची, वारंवारता ६० हर्ट्झवरून ५९.४ च्या खाली गेली आणि ४ मिनिटं २३ सेकंद खालीच राहिली. ती ९ मिनिटं तशीच राहिली असती तर वीजनिर्मिती संच आपोआप सुटून जवळपास सगळं राज्य काळोखात गेलं असतं. ते टाळायला भाराची कपात, म्हणजे ग्राहकांची वीज बंद, करावी लागली, कमाल २०,००० मेगावॉट. त्या कपातीत गॅस पुरवणाऱ्या केंद्रांचीही वीज गेली, कारण त्यांतल्या अनेकांनी आपण अत्यावश्यक ग्राहक आहोत अशी नोंदच केलेली नव्हती. गॅस कमी म्हणून वीज कमी, वीज कमी म्हणून गॅस आणखी कमी. केंद्रीय नियामकांच्या चौकशीत टेक्सास आणि लगतच्या भागातले १,०४५ वीजनिर्मिती संच अडखळल्याचं आढळलं, कारणांत ४४.२ टक्के वाटा गोठण्याचा आणि ३१.४ टक्के इंधनाच्या अडचणींचा. राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसं गेली. फेब्रुवारी २०११ च्या थंडीतही तिथे असंच, लहान प्रमाणात घडलं होतं आणि उपकरणं थंडीसाठी सज्ज करा असं तेव्हाच्या अहवालात स्पष्ट लिहिलं होतं. दहा वर्षं ते ऐच्छिक राहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं. यात तंत्रज्ञानाची उणीव मुळीच नव्हती.

कारण तेच तंत्रज्ञान मिनेसोटाला गॅस देणाऱ्या भागांत रोज वापरात असतं. नॉर्थ डकोटा आणि अल्बर्टामध्ये सेपरेटर बंदिस्त खोलीत असतात, नळ्यांभोवती गरम ठेवणाऱ्या तारा गुंडाळलेल्या असतात, मिथेनॉलचे पंप पहिल्या थंडीआधी तपासलेले असतात. मिनेसोटा स्वतः गॅस काढत नाही. तिथे येतो तो सुकवलेला गॅस, गोठणाऱ्या मातीच्या थरांतून पण स्वतः कोरडा. कंपन्या पाइपलाइनची क्षमता आणि साठे वर्षानुवर्षांतला सर्वांत थंड दिवस धरून ठरवतात. टेक्सासच्या यंत्रणेला जो दिवस अपवाद वाटतो, तो इथे आराखड्याच्या पहिल्या पानावर असतो. तुमच्या प्रश्नाचं मूळ उत्तर हेच: उपकरणं किती थंडी धरून बांधली, यावर सगळं ठरतं.

तरी उत्तरेत कधीच काही होत नाही, असा भरवसा मी देणार नाही. ३० जानेवारी २०१९ ला मिशिगनमध्ये एका कॉम्प्रेसर स्टेशनाला आग लागली आणि भर थंडीत लोकांना मोबाइलवर संदेश पाठवून थर्मोस्टॅट ६५ फॅरनहाइटवर (सुमारे १८ सेल्सिअस) आणायला सांगावं लागलं. लोकांनी ऐकलं आणि दाब टिकला. त्याच महिन्यात ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्ट भागात दाब इतका उतरला की ७,००० हून अधिक ग्राहकांचा गॅस मुद्दाम बंद करावा लागला आणि पूर्ववत व्हायला आठवडा गेला. एवढा वेळ का, असं लोक विचारतात. वीज एका बटणाने परत येते, गॅस येत नाही. आधी प्रत्येक घरचा मीटर बंद करायचा, पाइपातली हवा काढायची, मग पुन्हा घरोघरी जाऊन एकेक उपकरण पेटवायचं. विझलेल्या बर्नरमधून गॅस नुसताच घरात भरू नये, यासाठी हे सगळं.

आता तुमच्या डॅलसच्या घराकडे येतो. फर्नेस न पेटण्याचं बहुधा कारण वीज. गॅसच्या फर्नेसला ठिणगी, पंखा आणि कंट्रोल बोर्ड यांसाठी वीज लागते. पाइपात पूर्ण दाब असला तरी विजेशिवाय ती हलत नाही. शेगडीची ज्योत निम्म्यावर आली ती मात्र दाबाची खूण. अमेरिकेत बहुतेक घरांत आतला दाब सुमारे १७ मिलिबार असतो, पुण्या-मुंबईच्या पाइपगॅसला २१ असतो तसा. इतक्या कमी दाबात थोडी घटही ज्योतीवर लगेच दिसते. सगळी वस्ती एकाच वेळी गॅस ओढत असेल तर जाळ्याच्या टोकाच्या घरांना ती आधी जाणवते. फक्त तुमच्याच घरी झालं असेल तर संशय रेग्युलेटरवर.

नव्या घरी पहिल्यांदा तोच बघा. मीटरजवळची बशीसारखी गोल वस्तू म्हणजे रेग्युलेटर. त्याच्या एका बाजूला जाळी लावलेलं तोंड असतं, व्हेंट. आतल्या डायफ्रॅमला वर-खाली व्हायला तिथून हवा आत-बाहेर जावी लागते. ते तोंड बर्फाने बुजलं तर रेग्युलेटरला बाहेरच्या हवेचा दाब कळत नाही आणि घरातला दाब कमी किंवा जास्त होऊ शकतो. जास्त झालेला दाब बाहेर सोडायची वाटही तीच, म्हणजे तीही बंद. तोंड जमिनीकडे वळलेलं आहे ना, वर छपराची धार ठिबकत नाही ना, पन्हाळ फुटकी नाही ना, छपरावरचा बर्फ घसरून मीटरवर पडेल अशी जागा नाही ना, हे ऑक्टोबरमध्येच बघून ठेवा. पडलेला बर्फ हाताने किंवा मऊ झाडूने काढा. फावडं नको, लाथ नको, हातोडी तर नकोच. घट्ट बर्फाचं कवच चढलं असेल तर गरम पाणीही ओतू नका, ते खाली जाऊन पुन्हा गोठतं आणि तोंड आणखी बुजवतं. कंपनीला फोन करा. अशा फोनला आम्ही कधीही क्षुल्लक मानत नाही.

दुसरी जागा फर्नेसचे दोन पांढरे प्लास्टिक पाइप. टेक्सासमध्ये फर्नेस बहुधा माळ्यावर असते आणि धूर छपरातून जातो. मिनेसोटातल्या नव्या, जास्त कार्यक्षम फर्नेसचे पाइप भिंतीतून, पुष्कळदा जमिनीपासून दोन-तीन फुटांवर बाहेर निघतात. वाऱ्याने बर्फाचा ढीग तिथे लागला की फर्नेस स्वतःला बंद करून घेते. प्रत्येक हिमवादळानंतर ते मोकळे करा. या फर्नेसच्या धुरातली वाफ आतच निथळते आणि ते पाणी एका बारीक नळीतून वाहतं. ती नळी गॅरेजसारख्या न तापवलेल्या जागेतून जात असेल तर गोठते, पाणी मागे चढतं आणि फर्नेस अडते. थंडीत गॅस गेला अशा तक्रारीमागे कित्येकदा ही एक नळी असते.

गोठलेल्या जमिनीबद्दल एक सूचना, आणि ती मनापासून देतो. उन्हाळ्यात रस्त्याखाली गळती झाली तर गॅस मातीतून वर निघून जातो. हिवाळ्यात वरचा थर झाकणासारखा बंद असतो, म्हणून तो आडवा सरकत तळघराच्या भिंतीतून घरात शिरू शकतो. तळघरात वास आला तर दिव्याचं बटणही न दाबता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि लांब जाऊन फोन करा. बाहेर उणे २५ असलं तरी.

अंगणात प्रोपेनची टाकी निघाली तर मात्र थंडी थेट इंधनालाच पकडते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. पारा जसा त्या दिशेने उतरतो तसा टाकीतला दाब ढासळतो आणि वाफ व्हायचा वेग मंदावतो. टाकी रिकामी होत आली असेल तर द्रवाला उष्णता घ्यायला पृष्ठभाग कमी मिळतो, म्हणून जानेवारीत ती ३० टक्क्यांखाली जाऊ देऊ नका. भारतातल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेनही असतो आणि तो शून्याच्या आसपासच वाफ व्हायचं सोडतो; लडाखच्या हिवाळ्यात सिलिंडर भरलेला असून शेगडी मिणमिणते ती यामुळे.

आणि गॅस किंवा वीज खरोखर गेलीच तर ओव्हन उघडा ठेवून घर तापवू नका, बार्बेक्यू घरात आणू नका, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसू नका. २०२१ मध्ये टेक्सासमध्ये कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने गेलेली माणसं ऊब शोधतच होती. प्रत्येक मजल्यावर त्याचा अलार्म लावा आणि बॅटरी नवी घाला. कंपनीने मीटरची झडप बंद केली असेल तर पुरवठा परत आल्याचं कळल्यावरही ती तुम्ही उघडू नका. त्यांचा माणूस येऊन उपकरणं एकेक करून पेटवून देईल, त्याला दार उघडायला घरी कोणीतरी थांबा.